बारा डोळ्यांचा दिवा

ओळखपत्र आलं तेव्हा ती सहा निळ्यांत गुंतलेली होती. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना एक आणि रंगखात्याने काढलेले तुकडे पाच. दिवसाच्या दिव्याखाली ते पाचही नमुन्याशी बेमालूम जुळत होते, पण पिवळा दिवा लावला की त्यांतले तीन जांभळ्याकडे झुकत होते, कुणाचं लक्ष नाही असं बघून झुकावं तसे. तिचं काम हेच होतं. कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत, आतून राखाडी रंगवलेल्या एका पेटीसमोर बसायचं, आळीपाळीने तीन दिवे लावायचे आणि कुठला रंग कुठल्या उजेडात खोटं बोलतो ते सांगायचं. एकोणीस वर्षं ती ते सांगत होती. यंत्र आकडे देत असे, पण रंगखात्यातले जुने लोक आकडा बघून झाल्यावरही तुकडा घेऊन तिच्याकडे येत. एकाच डोळ्याची बाई आहे, पण तो एक काय डोळा आहे, असं ते तिच्या पाठीमागे म्हणत. पाठीमागे म्हटलेलं तिला कळलं होतं आणि आवडलंही होतं. त्या दिवशी आस्थापना विभागातला कारकून डावीकडून आला, म्हणून तो दिसायच्या आधी ऐकू आला. डावीकडची सगळी माणसं तिच्या आयुष्यात आधी आवाज म्हणूनच येत. त्याने टेबलावर काहीतरी टक्कन ठेवलं आणि छान आलंय, असं म्हणाला. फाटकावर नवं यंत्र बसणार होतं, म्हणून सगळ्यांची नवी ओळखपत्रं काढली होती. तिने मान पूर्ण वळवून कार्ड उचललं. केस तिचे होते, कपाळावरची आडवी रेघ तिची होती, गळ्याशी ढिला झालेला ब्लाउजही तिचाच. तरी क्षणभर तिला वाटलं, कार्डांची अदलाबदल झाली आहे. मग कळलं. फोटोवाल्याने तिचा उजवा डोळा घेतला होता, उलटा केला होता आणि डावीकडे चिकटवला होता.

तिच्या उजव्या बुबुळात खाली, बाहेरच्या बाजूला, मोहरीएवढा पिवळा ठिपका होता. कार्डावरच्या बाईला असे दोन ठिपके होते. दोन्ही डोळ्यांनी सारखं, आज्ञाधारकपणे बघणारी ती बाई कुणाचीच कुणी लागत नव्हती. तिने कारकुनाला विचारलं, तेव्हा तो खुशीत म्हणाला, की त्यानेच फोटोवाल्याला बाजूला घेऊन मॅडमचं जरा बघा असं सांगितलं होतं. तो भला माणूस होता. आईच्या आजारपणात तिची रजा त्याने साहेबाच्या सहीशिवायच पुढे सरकवली होती. म्हणून तिला ओरडता आलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघी उठून आल्या, त्यांनी कार्ड हातात घेतलं, आणि एकीने म्हटलं की अगदी तुझी धाकटी बहीण वाटते. तिला बहीण नव्हती. तिने कार्ड परत कारकुनाच्या हातात ठेवलं आणि फोटो पुन्हा काढा म्हणून सांगितलं. तो हसला, मग हसायचा थांबला, मग म्हणाला की यंत्रात हाच गेलाय. मग यंत्रातून काढा, ती म्हणाली, आणि पेटीकडे वळली. पिवळा दिवा चालूच राहिला होता.

त्यानंतर नऊ दिवस ती फाटकावर कार्डाशिवाय गेली. नवं यंत्र तिच्यासाठी उघडत नव्हतं. पहारेकरी रोज एक वही काढायचा, तिचं नाव लिहायचा, पुढे ‘ओळखपत्र नाही’ असं लिहायचा आणि तिच्यापुढे सरकवायचा. मागे रांग खोळंबायची. ती सावकाश सही करायची, पूर्ण नावाची, शेवटच्या काना-मात्रेसकट. चौथ्या दिवशी पहारेकऱ्याने खालच्या आवाजात सांगितलं की मॅडम, आतमध्ये कुरकुर चालली आहे. तिने सांगितलं की चालू द्या. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. एकेचाळीस वर्षांत तिने कुणाला खोळंबून ठेवलं नव्हतं. दहाव्या दिवशी कारकून स्वतः खाली आला, भिंतीपाशी उभं करून त्याने आपल्याच फोनवर तिचा फोटो काढला, समोरून, आणि तो यंत्रात घातला. नव्या कार्डावर तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा एक केसभर वर बघत होता. तो कायम तसाच बघे. यंत्र उघडलं. ती गोष्ट तिथे संपली असं कारकुनाला वाटलं, आणि त्याच्यापुरती ती संपलीही.

पण पहिल्याच संध्याकाळी तिने घरी येऊन फोटोंची वही काढली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि आई राहत. आई शहात्तर वर्षांची, गुडघ्यांनी जिने चढायची-उतरायची सोय ठेवली नव्हती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी ती बसलेली असे. वहीत पहिली तीन पानं सोडली, तर ती स्वतः कुठेच समोर बघत नव्हती. शाळेच्या पायऱ्यांवर मान डावीकडे, समुद्राकाठी मान डावीकडे, दादाच्या लग्नात नवरा-नवरीच्या शेजारी मान इतकी डावीकडे की जणू तिकडून कुणी हाक मारली होती. हाक कुणीच मारली नव्हती. बाबा कॅमेऱ्यामागून जरा मान वळव, म्हणायचे, जरा अजून, हां, आणि त्यांचा आवाज इतका प्रेमळ असे की मान आपसूक वळे. पुढे बाबा नसतानाही ती वळायला लागली. आरशासमोरसुद्धा. वही मांडीवर घेऊन बसल्या बसल्या तिची मानेची उजवी शीर दुखायला लागली, आणि तिला एकदम कळलं की ही दुखणारी शीर आजची नाही. मग तिने आईला विचारलं की डबा कुठे आहे. आईने कुठला, असं विचारलं नाही. कशाला, एवढंच विचारलं.

डबा कपाटात, आईच्या जुन्या स्वेटरांखाली होता. शिवणाच्या सामानाचा पत्र्याचा डबा, आत कापसाच्या बारा पुड्या, प्रत्येक पुडीवर कागदाची चिठ्ठी आणि आईच्या अक्षरात वय. चार. पाच. सहा. सात. नऊ. अकरा. तेरा. सोळा. एकोणीस. चोवीस. तीस. छत्तीस. मूल वाढतं तशी त्याची खोबण वाढते, म्हणून लहानपणी दर वर्षी नवा खोटा डोळा करावा लागे. मग हळूहळू अंतर वाढत गेलं. तेरावा तिच्या चेहऱ्यात होता. लोकांना वाटतं, खोटा डोळा म्हणजे गोळा. शाळेत मुलांनी तिचं नाव ‘गोटी’ ठेवलं होतं, आणि मधल्या सुट्टीत गोटी, तुझी गोटी दाखव, म्हणून मागे लागत. प्रत्यक्षात ती शिंपली असते, पातळ, आतून पोकळ, नाकाकडे जरा निमुळती. सातवीत एकदा ती वैतागून मुतारीत गेली, शिंपली काढून तळहातावर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, घ्या बघा, गोटी नाहीये. त्यानंतर कुणी चिडवलं नाही. पण आईला शाळेतून बोलावणं आलं, आणि घरी आल्यावर आई तिच्यावर रागावली नाही, नुसती न जेवता झोपली. ती गोष्ट तिने पुन्हा केली नाही. आई डोळ्याला डोळा म्हणत नसे. ‘ते’ म्हणे. ते धुतलंस का, ते नीट बसलंय का. आणि ज्याच्याकडे तो करायला जायचं, त्या माणसाला घरात चष्मेवाला म्हणत. शेजाऱ्यांनी विचारलं तर चष्मेवाल्याकडे चाललोय. तिला चष्माच नव्हता, आणि हे शेजाऱ्यांच्या कधीच लक्षात आलं नसेल असं आईने कसं धरलं होतं कुणास ठाऊक.

चष्मेवाला उत्तरेच्या खिडकीशी बसे, दोघांचे गुडघे जवळजवळ टेकतील इतका जवळ, आणि तिच्या उजव्या डोळ्यात बघत बघत एका काळ्या चकतीवर बुबुळ रंगवी. तास तास. पुढच्या आयुष्यात कुठल्या पुरुषाने तिच्याकडे इतका वेळ, इतक्या जवळून आणि इतकं काही न मागता बघितलं नाही. शिरांसाठी तो लाल रेशमाचा तंतू चिमट्याने सुटा करी आणि पांढऱ्यावर मांडी, एक वाकडा, एक फाटा फुटलेला. अकरा वर्षांची असताना तिने विचारलं होतं की माझा पिवळा ठिपका का नाही काढला. तो म्हणाला होता, की दोन्हीकडे सारखा ठिपका असला की बघणाऱ्याला ताबडतोब कळतं, यातला एक खोटा आहे. दोन डोळे कधी जुळे नसतात, भावंडं असतात. कार्डावरची बाई तिला सहन का झाली नाही, ते तिला तीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगून ठेवलं होतं. रंग जुळवण्याच्या कामाला ती लागली ती त्या खिडकीमुळेच, असं तिला नेहमी वाटे, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर चष्मेवाला कोण ते सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन कामावर गेली. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर तिने बारा शिंपल्या पेटीत ओळीने मांडल्या आणि तीनही दिव्यांखाली तपासल्या, हेतू असा काही नव्हता, हात सवयीने करत होते. जुन्यांचं पांढरं पिवळसर झालं होतं. सोळाव्या वर्षाच्या डोळ्याचा तपकिरी रंग दिवसाच्या उजेडात चोख होता आणि ट्यूबखाली हिरवट पडत होता. म्हणजे सोळा ते एकोणीस ती प्रत्येक वर्गात, प्रत्येक ट्यूबखाली, एक तपकिरी आणि एक हिरवट डोळा घेऊन बसली होती, आणि कुणी बोललं नव्हतं. हे तिला इतकं गमतीचं वाटलं, की एकटीच असूनही तिने तोंडावर हात धरला. मग पाच वर्षांचा डोळा उचलताना तो पेटीतल्या नळीच्या आड आला, आणि उजेड त्याच्यातून आरपार आला. पांढरं पेटलं. त्यात रेशमाचे तंतू लालभडक उमटले, मुळ्यांसारखे, एकूण एक. बुबुळ मात्र काळंच राहिलं. त्याच्यामागे काळी चकती होती. रंग गेला आणि नुसती नजर उरली. ती किती वेळ तो डोळा दिव्यापुढे धरून उभी होती ते तिला सांगता आलं नसतं. डबा नुसता बंद करून परत स्वेटरांखाली ठेवणं आता शक्य नाही, एवढं मात्र तिला कळलं.

दिवा करायला तिला दोन आठवडे लागले. तिने एक मोठा फुगा फुगवला, मैद्याची खळ केली आणि प्रयोगशाळेतून टाकून द्यायला काढलेले काळे तुकडे घरी आणले. काळा रंग सगळ्यांत अवघड. कुठे निळसर, कुठे विटकरी झाक मारतो, म्हणून काळ्याचे तुकडेच सगळ्यांत जास्त नापास होतात. नापास काळ्यांचे चार थर तिने फुग्यावर चढवले. स्वयंपाकघराच्या दारात दोरीला तो गोळा लोंबत वाळत राहिला, येता-जाता आईच्या डोक्याला लागत राहिला. आईला वाटलं, कामावरचं काहीतरी असेल. वाळल्यावर फुगा फोडला तेव्हा आतून जुन्या कपाटासारखा वास आला. नखं कापायच्या बाकदार कात्रीने तिने बारा फटी कापल्या आणि कापडाच्या कडा आत मुडपून पापण्या केल्या. साधा बल्ब लावला तर डोळ्यांचं प्लास्टिक मऊ पडेल, म्हणून थंड जळणारा आणला, आणि तरीही आत थर्मामीटर सोडून तीन तास बघितलं. शिंपल्या आतून बसवल्या, वयाच्या क्रमाने नाही, हाताला येतील तशा. हात फार खूश होते. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या नमुन्याला जुळवायचं काम करत आले होते, आणि हे कशालाच जुळवायचं नव्हतं.

एका शनिवारी संध्याकाळी तिने बाहेरच्या खोलीतली दिव्याची जुनी, छत्रीसारखी शेड उतरवून त्या जागी तो टांगला आणि बटण दाबलं. खोलीच्या मधोमध, कपाळाच्या उंचीवर, बारा डोळे उघडले. लहान, मोठे, पिवळट, पांढरे, लाल मुळ्यांनी भरलेले, प्रत्येक वेगळीकडे बघणारा. भिंतींवर बारा बदामी डाग पडले. तिला वाटलं होतं, भीती वाटेल, निदान रडू येईल. तसं काही झालं नाही. एक प्रकारचा निलाजरेपणा अंगात भिनत गेला, गरम पाण्यात पाय सोडल्यावर ऊब वर चढते तसा, आणि तिला तो आवडला. आई खिडकीशी वळून बघत राहिली. मग भिंतीला धरून उठली, आत गेली, मोठा टॉवेल घेऊन आली आणि तिने तो दिव्यावर टाकला. आई म्हणाली की घरात हे असलं नको. तिने टॉवेल काढून त्याची घडी केली. आईने विचारलं की लोक काय म्हणतील याचा विचार केलास का. तिने सांगितलं की केला.

पुढचे पाच दिवस रोज हेच झालं. ती कामावरून यायची तेव्हा दिव्यावर टॉवेल असायचा, ती काढायची, दिवा लावायची. दोघी एकमेकींशी भाजी, गॅस, औषधं यांवर नेहमीसारखं बोलायच्या आणि टॉवेलबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी त्या बाजूच्या खिडकीला पडदा लावला. त्याच बाई दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून वर आल्या आणि दारातूनच आईला हळू आवाजात विचारू लागल्या की ते खरे आहेत का. आईच्या मागून तीच म्हणाली, “खरेच आहेत. माझे आहेत.” बाई गेल्या. आईने दार लावलं आणि पाठ दाराला टेकून उभी राहिली. सहाव्या दिवशी ती आली तर टॉवेल नव्हता. दिवा लागलेला होता आणि आई त्याच्याखाली, चष्मा नाकावर पुढे ओढून, मान वर करून उभी होती. तिने धावत जाऊन खुर्ची पुढे केली, पण आई बसली नाही. आई म्हणाली,

“हा सहा वर्षांचा डोळा उलटा बसवलायस तू. निमुळती बाजू नाकाकडे. रोज सकाळी मी बसवत होते, मला नाही का कळत?”

तिने खाली मांडी घातली. आई पहिल्यांदाच ‘डोळा’ म्हणाली होती, आणि म्हणाल्याचं आईला कळलंही नव्हतं. त्या संध्याकाळी दोघींनी दिवा उतरवून टेबलावर घेतला. आईने कुठला कुठल्या वर्षाचा ते चिठ्ठ्यांशिवाय सांगितलं. सातव्या वर्षाचा फार बोचायचा, तू रडायचीस, मी तोंडाने फुंकर घालून घालून बसवायची, असं सांगता सांगता आईचा आवाज एकदम पातळ झाला, पण ती थांबली नाही. ज्या बोटांनी ते रोज बसवले होते, त्याच बोटांनी तिने सहा वर्षांचा डोळा सुलटा केला. फक्त पहिल्याच्या, चार वर्षांच्या डोळ्याच्या वेळी आईने हात मागे घेतला. तो असू दे, म्हणाली.

आईने हात का मागे घेतला ते तिला ठाऊक होतं. घरात सांगायची गोष्ट अशी होती, की ती साडेतीन वर्षांची असताना पायरीवरून पडली आणि खिळा लागला. हीच गोष्ट डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, शाळेला, तिच्यासाठी एकदा-दोनदा चौकशी करून गेलेल्या मुलांच्या घरी सांगितली गेली होती, आणि इतक्या वेळा, की तिला ती पायरी आठवायची. पायरी होती हिरव्या फरशीची. चौदाव्या वर्षी मावशी एकदा बोलता बोलता दादाच्या छत्रीच्या काडीबद्दल बोलून गेली, आणि मग गप्प झाली, आणि मग घाईने दुसरं काहीतरी बोलायला लागली. तेव्हा हिरवी फरशी पुसली गेली आणि तिच्या जागी काळं, ओलसर छत्रीचं कापड आलं, आणि ते खरं होतं, कारण त्याला वास होता. आठ वर्षांच्या दादाने मोडक्या छत्रीच्या काडीचा बाण केला होता. तिने हे कुणाला विचारलं नाही. रस्त्याने चालताना दादा कायम तिच्या डावीकडून का चालतो, ती बाजू बदलली तर वळसा घालून पुन्हा डावीकडे का येतो, तेवढं मात्र त्या दिवशी समजलं. त्याचा राग तिला कधी आलाच नाही. राग यायचा तो हिरव्या फरशीच्या पायरीचा, जी घरात सगळ्यांनी मिळून बांधली होती आणि जिच्यावरून तिला जन्मभर पडत राहावं लागलं होतं.

दादा रविवारी आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे, मोठ्या हुद्द्यावर होता, आणि त्याच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. पुढच्या रविवारी मुलाचे आईवडील आजीला भेटायला इथेच येणार होते, कारण आजीला जिने उतरता येत नव्हते. हे सांगायलाच तो आला होता. दुपारची वेळ, दिवा लागलेला नव्हता, तरी तो दारातच थांबला. आधी त्याला कळलंच नाही की ते काय आहे. मग कळलं, तसा तो आईकडे बघायला लागला. चहा होईपर्यंत तो मुलाच्या नोकरीबद्दल बोलला. कप खाली ठेवल्यावर म्हणाला की पुढच्या रविवारी हे उतरवून ठेव. फक्त एका दिवसापुरतं, नंतर हवं तर परत टांग. ती नाही म्हणाली. त्याने कारण विचारलं. तिला वाटलं की सगळं एकेका दिवसापुरतंच तर होतं, प्रत्येक फोटो एका क्षणापुरता होता, पण हे त्याला कसं सांगायचं ते तिला सुचलं नाही. ती एवढंच म्हणाली की माझ्या घरातला दिवा आहे. तो म्हणाला की माझ्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. बारा जुन्या शिंपल्या बघून मोडणारं लग्न असेल तर ते आत्ताच मोडलेलं बरं, असं ती म्हणाली, आणि हे फार लागेल असं म्हणता म्हणताच तिला कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“तू हे मला दाखवायला टांगलंयस.”

“नाही रे,” ती म्हणाली. “करताना तुझा विचारसुद्धा मनात आला नव्हता.”

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे ऐकून तो जास्तच ढासळला. त्याने आईकडे बघितलं. आई कपाच्या कानाशी चाळा करत होती. मग बहिणीकडे वळून त्याने विचारलं, तुला माहीत होतं? तिने सांगितलं की चौदाव्या वर्षापासून. सत्तावीस वर्षं, तो हिशोब करून म्हणाला, आणि मग हात गुडघ्यांवर ठेवून, कामावरच्या बैठकीत बोलावं तसं, प्रत्येक शब्द सुटा करून बोलला.

“ऐक मग. काडी मी मारली. तू समोर उभी होतीस आणि मी नेम धरला होता. लागेल असं वाटलं नव्हतं, पण नेम धरला होता. बाबांनी सांगितलं, पडली म्हणायचं, मी म्हणत राहिलो. मी तुझी माफी मागतो. आईसमोर मागतो. आता तरी उतरव.”

तिच्या छातीत काहीतरी फार जुनं, घट्ट बसलेलं जागचं हललं, आणि त्याच वेळी तिला दिसलं की तो जणू दोन्ही हात पुढे करून बसला आहे, एका हातात माफी आहे आणि दुसरा रिकामा हात दिव्यासाठी आहे. ती म्हणाली, “माफी घेतली. दिवा राहील.” तो गोंधळून म्हणाला की मग माफीचा उपयोग काय. आणि यावर ती हसायला लागली, हसू आवरेना, आईने गप्प बस म्हटलं तरी आवरेना. दादा उठला, चपला पायात सरकवल्या आणि गेला.

आठवडाभर त्याचा फोन आला नाही. तिला वाटलं, भेट दुसरीकडे ठरवली असेल. दोन दिवस तिला झोप नीट लागली नाही. भाचीचा चेहरा पुढे यायचा. गुरुवारी तिने स्टूल घेतलं, त्यावर चढली, हुकाला हात लावला. बारा डोळे अंधारात तिच्या पोटाशी आले. चार वर्षांचा डोळा तिच्या बोटाला लागला, गार, गुळगुळीत. ती हुक न काढता खाली उतरली. स्टूल जागेवर ठेवलं. रविवारी दुपारी चारला खालून गाडीचा आवाज आला, जिन्यात पावलं वाजली, आणि दादा, वहिनी, भाची आणि मुलाचे आईवडील एकामागोमाग एक आत आले. दादा तिच्याकडे न बघता आईपाशी जाऊन बसला.

पाहुण्या बाई सडसडीत, टापटीप होत्या. त्यांनी दिवा बघितला आणि काही बघितलंच नाही अशा रीतीने त्याच्याकडे पाठ करून बसल्या. पण समोर काचेचं कपाट होतं, आणि बाहेर आभाळ भरून आल्याने आईने सवयीने, खरोखर निव्वळ सवयीने, दिवा लावला, तेव्हा त्या कपाटाच्या काचेत त्यांच्या खांद्यांवरून बारा डोळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांचा कप बशीत वाजला. मुलाच्या वडिलांनी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, बल्ब किती वॅटचा आहे ते विचारलं. तिने सांगितलं. ते म्हणाले, उजेड बरा पडतो. भाची हसू दाबत होती. शेवटी पाहुण्या बाईंनी विचारलं, अगदी सभ्यपणे, की हे काय आहे. तिने तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाचं तोंड जुन्या वाटेने आपोआप जातं, तशी आई बोलायला लागली, की लहानपणी ही पायरीवरून पडली आणि—

“पडली नाही ती,” दादा म्हणाला.

आई थांबली.

“माझ्या हातून लागलं. छत्रीची काडी होती. मी आठ वर्षांचा होतो, ही साडेतीन. हे तिचे लहानपणापासूनचे डोळे आहेत.”

तो हे पाहुण्यांना सांगत होता, पण बघत होता आपल्या मुलीकडे, आणि मुलगी त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तिच्या बापाने आत्ताच खोलीत पहिलं पाऊल टाकलं होतं. वहिनीने रुमाल तोंडाला लावला. आणि जिचे ते डोळे होते, तिला काय वाटत होतं? काही मोठं नाही. कान तापले होते. खोलीतली हिरव्या फरशीची पायरी कुणीतरी उचलून बाहेर नेली होती आणि तिथे आता नुसती जमीन होती, पाय टाकायला थोडी अनोळखी. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाहुण्या बाईंनी खुर्ची फिरवून घेतली होती आणि त्या दिव्याकडे तोंड करून बसल्या होत्या, पाठ ताठ, परीक्षेला बसल्यासारख्या. त्यांनी विचारलं की यातला सगळ्यांत अलीकडचा कुठला.

“तो इथे आहे,” ती म्हणाली आणि आपल्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं.

बाई दचकल्या आणि मग, इच्छा नसताना, हसल्या. लग्नाबद्दल त्या दिवशी कुणी काही नक्की बोललं नाही. जाताना बाईंनी आईचे दोन्ही हात हातात घेतले, तिच्याकडे बघून मात्र नुसती मान हलवली. ते काय समजायचं ते कुणालाच कळलं नाही. दादा त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला गेला, वहिनी आणि भाचीही गेल्या, आणि मग तो एकटाच तीन जिने चढून धापा टाकत परत वर आला. काहीतरी विसरलं होतं म्हणाला. काही विसरलं नव्हतं. आत आई कप विसळत होती, लागतो त्यापेक्षा जास्त आवाज करून. तो दिव्याच्या अगदी जवळ गेला. त्याच्या मोठ्या, थकलेल्या चेहऱ्यावर बदामी डाग पडले. पहिला कुठला, त्याने विचारलं. तिने दाखवला, खालच्या अंगाला, कुशीत लपल्यासारखा बसलेला. दादा वाकला आणि त्याने आपल्या अंगठ्याचं नख त्या डोळ्याच्या शेजारी नेऊन धरलं. जवळजवळ तेवढाच होता.

“एवढासा?” तो म्हणाला.

“तूसुद्धा एवढासाच होतास,” ती म्हणाली.

तो वाकलेलाच राहिला. ती त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेली आणि थांबली, मग ठेवला. शर्ट घामाने ओला होता. शेवटी तो उठला, नाक शिंकरलं, रुमालाची घडी घातली, आणि घडी घालता घालता त्याचा आवाज पुन्हा मोठ्या भावाचा झाला. तो म्हणाला की आता बोलून झालंय, सगळ्यांना कळलंय, तर मग हा आतल्या खोलीत लावायला काय हरकत आहे, तिथेही उजेड लागतोच.

“नाही,” ती म्हणाली. “आणि जरा बाजूला हो. माझ्या उजेडात उभा आहेस.”

तो बाजूला झाला.